"पडू दे" म्हणण्याआधी : पेठांतल्या वाड्यांचे मालक आणि भाडेकरू यांना खुले पत्र

पुण्याच्या पेठांमधल्या जुन्या वाड्यांचे मालक, त्यांचे सहहिस्सेदार आणि त्या वाड्यांमध्ये वर्षानुवर्षे राहणारी बिऱ्हाडे यांस,

स. न. वि. वि.

आमच्या गल्लीतल्या एका वाड्याच्या दिंडी दरवाजावर यंदाही पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक इमारतीची नोटीस लागली. त्याच संध्याकाळी त्या वाड्याचे मालक आमच्याकडे आले, ओसरीवर टेकले आणि म्हणाले, "ताई, हेरिटेजच्या यादीत नाव आहे म्हणजे खिळा ठोकायलासुद्धा परवानगी लागणार. एवढं करत बसण्यापेक्षा पडू दे." मला त्यांचा राग आला नाही, कारण नेमके हेच दोन शब्द काही वर्षांपूर्वी आमच्या घरातही उच्चारले गेले होते आणि ते उच्चारणाऱ्यांमध्ये मीही होते. पुढे आमचा वाडा वारसा जतन समितीच्या शिफारशीने आणि महापालिकेच्या रीतसर परवानगीने दुरुस्त झाला. त्या कामातून मला जे कळले ते आपल्यापुढे ठेवावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आमचा वाडा नारायण पेठेत, नदीपासून हाकेच्या अंतरावर आहे. तो कोणा सरदाराचा नाही आणि पेशवाईतलाही नाही. इंग्रजी अमलात एका बेताच्या ऐपतीच्या कुटुंबाने पेशवाईतल्या घरांच्या चालीवर बांधलेले ते घर आहे. पुढे देवडी, मध्ये एक चौक, चौकाभोवती ओसरी, वर माडी आणि मागे परसात आड. जोते घडीव काळ्या दगडाचे, त्यावर सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट (लाकडी कड्या आणि फळ्यांचे छत) आणि मधल्या भिंती पातळ विटांच्या व पांढऱ्या मातीच्या. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, तेव्हा नदीकडची मातीची भिंत पाण्यात विरघळून खाली बसली, पण खांब आणि तुळया जागच्या जागी उभ्या राहिल्या. पुरानंतर दोन बिऱ्हाडे गोखलेनगरच्या पूरग्रस्त वसाहतीत गेली आणि पडलेल्या जागी वडिलांनी भाजक्या विटांची भिंत घातली. ही हकीगत सांगण्याला कारण आहे. आपल्या बहुतेक वाड्यांमध्ये वजन पेलतो तो लाकडी सांगाडा आणि भिंत ही त्या सांगाड्याच्या मधली भर असते. त्यामुळे भिंतीला पोट सुटले म्हणजे वाडा गेला असे होत नाही आणि उलट बाजूने पाहिले, तर वरून गुळगुळीत दिसणाऱ्या भिंतीच्या आत तुळईचे टोक कुजलेले असेल तर तो वाडा खरोखर धोक्यात असतो. यातले काय खरे हे डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी जुन्या लाकडी बांधकामाची जाण असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणीच करून घ्यावी लागते. जीव धोक्यात घालून वाडा वाचवा असे मी कोणालाही सांगणार नाही. नोटीस आली असेल तर बिऱ्हाडे आधी सुरक्षित जागी हलवा, टेकू लावा आणि मग पुढचा विचार करा.

आता महापालिकेच्या त्या वारसा (हेरिटेज) यादीविषयी. यादीत नाव येणे म्हणजे हात बांधले जाणे, हा समज आपल्याकडे इतका घट्ट बसला आहे की मूळ नियम वाचण्याचे कष्ट आपण घेतच नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्याच्या आधारे केलेल्या नियमावलीत, आणि आता २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत, वारसा वास्तूंच्या तीन श्रेण्या केलेल्या आहेत. पहिल्या श्रेणीत राष्ट्रीय वा मोठ्या ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तू येतात आणि तिथे वास्तू टिकवण्यासाठी अत्यावश्यक असलेले काम सोडले तर आत किंवा बाहेर हात लावण्यास जवळजवळ वाव नसतो. दुसऱ्या श्रेणीत प्रदेशाच्या वा शहराच्या दृष्टीने महत्त्वाच्या वास्तू येतात आणि त्यांच्या आतल्या भागात, नव्या वापरासाठी, विचारपूर्वक बदल करता येतात. तिसऱ्या श्रेणीत अशी घरे येतात ज्यांच्यामुळे एखाद्या पेठेचे, एखाद्या गल्लीचे रूप घडलेले असते. तिथे बदलाला त्याहूनही अधिक मोकळीक असते. आपल्यापैकी कित्येकांना आपला वाडा कोणत्या श्रेणीत आहे हेच ठाऊक नसते आणि शनिवारवाड्याला लागू असलेली बंधने आपल्या न्हाणीघरालाही लागू आहेत अशा धास्तीत आपण जगत असतो. परवानगी देण्याचा अधिकार महापालिका आयुक्तांचा असतो आणि समिती त्यांना सल्ला देते. त्या समितीत वास्तुरचनाकार, अभियंते आणि इतिहासाचे जाणकार असतात आणि त्यांना विचारलेला प्रश्न जितका नेमका, तितके त्यांचे उत्तर नेमके येते, असा माझा अनुभव आहे.

शनिवारवाड्याच्या आसपास राहणाऱ्यांसाठी इथे एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. शनिवारवाडा हे केंद्रीय संरक्षित स्मारक आहे आणि २०१० साली पुरातत्त्व कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार अशा स्मारकापासून १०० मीटरपर्यंतचा भाग प्रतिबंधित, तर त्यापुढचा २०० मीटरचा भाग नियंत्रित धरला जातो. प्रतिबंधित भागात नवे बांधकाम होत नाही. पण १६ जून १९९२ च्या आधीपासून तिथे असलेल्या घराची दुरुस्ती आणि नूतनीकरण यांसाठी अर्ज करता येतो. याचा साधा अर्थ असा की त्या शंभर मीटरच्या आत ज्याने वाडा पाडला किंवा पडू दिला, त्याच्या हाती मोकळी जागा उरते आणि तीवर काही उभे करण्याची वाट बंद झालेली असते, आणि ज्याने वाडा उभा ठेवला त्याच्यासाठी दुरुस्तीची वाट उघडी राहते. कसबा आणि शनिवार पेठेत "पडू दे" म्हणण्याआधी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

आमच्याकडे बिघाडाची सुरुवात एका चांगल्या हेतूच्या कामातून झाली होती. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी, वडील हयात असताना, चौकाकडच्या भिंतीला ओल धरत होती आणि चुन्याचे पोपडे सुटत होते. एका ठेकेदाराने सांगितले, "काका, हे सगळं खरवडून सिमेंटचा गिलावा मारा, पुन्हा पाहायला नको." वडिलांनी ऐकले. दोन-तीन वर्षे भिंत खरोखर कोरडी दिसली आणि सर्वांनी त्यांच्या निर्णयाचे कौतुक केले. पुढे दुरुस्तीच्या वेळी आम्ही तो गिलावा काढला, तेव्हा त्यामागची माती हाताला ओली लागली. जमिनीतून चढणारी ओल पूर्वी चुन्याच्या गिलाव्यातून बाहेर पडून वाऱ्याने वाळत होती; सिमेंटने ती वाट बुजवली, तेव्हा ती आतल्या आत वर चढत राहिली आणि माडीच्या तुळईच्या टोकापर्यंत पोहोचली. सुतारमिस्त्रींनी माझ्यासमोर त्या टोकात स्क्रूड्रायव्हर धरला आणि नुसता दाबला. तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तेव्हा त्याच्या टोकाला लाकूड नव्हे, भिजवलेल्या तंबाखूसारखा काळपट भुसा लागलेला होता. त्याच तुळईचा मधला भाग, भिंतीबाहेरचा, इतका खणखणीत होता की त्यावर पटाशी मारली तर ती मागे उडत होती. शंभर वर्षांहून अधिक काळ टिकलेले सागवान दीड इंचाच्या चुकीच्या गिलाव्याने काही वर्षांत खाल्ले, हे त्या दिवशी मी डोळ्यांनी पाहिले. म्हणून माझी पहिली विनंती ही की परवानगी मिळेपर्यंत काही करायचेच असेल तर पन्हळी साफ करा, फुटकी कौले बदला, भिंतीत उगवलेला पिंपळ मुळासकट काढा, पण मातीच्या भिंतीवर सिमेंट चढवू नका.

चुन्याच्या कामाबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण ते काम आता पाहायलाही मिळत नाही आणि न पाहिल्यामुळे त्याची भीती वाटते. कळीचा चुना पाण्यात विझवला की तो उकळतो, फसफसतो आणि फुलतो. तो दोन-तीन आठवडे तसाच पाण्याखाली मुरत ठेवायचा. मग वाळू आणि विटांचा चुरा घालून तो घाणीत (चुना दळायच्या दगडी घाण्यात) दळायचा आणि आमच्या मिस्त्रींच्या पद्धतीप्रमाणे त्यात गुळाचे पाणी व बेलफळाचा गर घालायचा. तयार झालेला चुना थापीवर घेऊन थापी उलटी केली की तो पडता कामा नये. पडला तर तो अजून झाला नाही. लावल्यानंतर तो सिमेंटसारखा पाण्याने धरत नाही, तर मुख्यतः हवेतला कर्बवायू शोषून सावकाश दगड होत जातो, आणि त्या काळात त्याला ना कडक ऊन चालते ना पावसाची झड. ओल्या गोणपाटाखाली त्याला दिवसेंदिवस जपावे लागते. हे सगळे समजले की आपल्या कामाचे वेळापत्रक आपोआप ठरते. पुण्यात चुन्याचे काम दिवाळीनंतर सुरू व्हावे आणि वळवाच्या पावसाआधी आटोपावे. म्हणजेच परवानगीचा कागद दसरा-दिवाळीच्या सुमाराला हातात हवा, आणि तो हवा असेल तर अर्ज त्याच्या कितीतरी आधी पूर्ण तयारीनिशी जायला हवा. एप्रिलमध्ये नोटीस आल्यावर मे महिन्यात धावाधाव सुरू करणाऱ्याच्या वाट्याला त्या वर्षी फक्त टेकू आणि प्लॅस्टिकचा कागद येतो आणि त्याचा दोष आपण समितीला देतो. आम्हीही पहिल्या वर्षी हेच केले होते.

आमचा पहिला अर्ज समितीपुढे गेला तो मला आज नीट आठवतो. त्यात आम्ही माडीचा सगळा कडीपाट उतरवून तिथे काँक्रीटचा स्लॅब घालण्याचे दाखवले होते, कारण तो टिकाऊ आणि स्वस्त पडेल असे आम्हाला सांगितले गेले होते. बैठकीत एका सदस्याने आम्हाला विचारले की एकूण किती कड्या खराब आहेत. आम्हाला उत्तर देता आले नाही. कारण आम्ही त्या मोजल्याच नव्हत्या. छत वाईट दिसत होते, म्हणून ते सगळेच गेले असे आम्ही धरून चाललो होतो. दुसरा मुद्दा त्यांनी असा मांडला की स्लॅबचे वजन कडीपाटाच्या कितीतरी पट असते; ते त्या सागवानी खांबांवर आणि मातीच्या भिंतींवर टाकले तर आज न पडणारा वाडा उद्या पडेल. आम्ही घरी आलो, शिडी लावली आणि खडूने प्रत्येक कडीवर आकडा घातला. बेचाळीस कड्यांपैकी नऊ खराब निघाल्या, त्यांतही पाच फक्त भिंतीतल्या टोकाशी. दुसऱ्या अर्जात आम्ही प्रत्येक कडीचा तक्ता जोडला आणि तो अर्ज मान्य झाला. खराब टोक तेवढेच कापून तिथे नव्या सागाचा तुकडा खाच आणि कुसू (खाचेत बसणारे टोक) बसवून जोडला गेला, बाकीचा कडीपाट आहे तसा राहिला. समितीच्या त्या एका प्रश्नाने आमचे पैसे वाचले, छत वाचले आणि, माझी खात्री आहे, पुढचा अपघातही टळला. मनाई म्हणून आपण ज्याची धास्ती घेतो, त्यात पुष्कळदा एक जाणकार प्रश्न असतो आणि तो विचारणारे दुसरे कोणी आपल्याला भेटत नाही.

"न्हाणीघरसुद्धा करू देत नाहीत" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की त्याबद्दल आमचा अनुभव नोंदवते. परसाच्या बाजूला प्रत्येक बिऱ्हाडासाठी स्वतंत्र शौचालय आणि न्हाणी करण्यास आम्हाला परवानगी मिळाली. विजेच्या तारा सगळ्या नव्याने, लाकडापासून वेगळ्या नळ्यांमधून, नव्या फ्यूज-बोर्डांसह घेता आल्या आणि लाकडी घरात याहून महत्त्वाचे काम कोणतेच नाही. शनिवारवाडा १८२८ च्या आगीत गेला, विश्रामबागवाड्याचा भाग १८७९ च्या आगीत जळाला. आज आपल्या माड्यांवर लोंबणाऱ्या, कापडात गुंडाळलेल्या जुन्या तारा पाहिल्या की मला त्या सालांची आठवण होते. स्वयंपाकघरात ओटा झाला, नळ आले, जिन्याला आजींसाठी कठडा लागला. समितीने दोन गोष्टी ठामपणे नाकारल्या. गल्लीकडच्या खिडक्यांना अॅल्युमिनियमच्या सरकत्या चौकटी लावू दिल्या नाहीत आणि देवडीचे दुकान करण्यासाठी तिचा दर्शनी भाग तोडू दिला नाही. दुसऱ्या नकाराने आमचे उत्पन्न थोडे बुडाले हे खरे आहे. तरीही आज त्या देवडीत गल्लीतली मुले पावसात खेळतात हे पाहिले की तो नकार योग्य होता असे मला वाटते, आणि हे मी त्या वेळी समितीवर रागावलेली असूनही लिहीत आहे.

परवानगीपेक्षा आम्हाला जास्त वेळ लागला तो आपसात एकमत व्हायला. आमच्या मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) अकरा नावे होती आणि त्यांतली तीन माणसे केव्हाच वारली होती. वारसांची नोंद, नागपूरच्या चुलतभावाची सही, ठाण्याच्या आत्याची समजूत, आणि "विकून टाकू, वाटे होतील" म्हणणाऱ्या पुतण्यांशी झालेल्या रात्री-रात्रीच्या बैठका यांत दोन वर्षे गेली. मनधरणीचा एकच उपाय उपयोगी पडला आणि तो म्हणजे सगळा हिशेब कागदावर मांडणे : दुरुस्तीचा खर्च किती, तो किती वर्षांत, कोणाचा किती वाटा. ज्यांना पैसे देणे शक्य नव्हते त्यांनी सही दिली, वेळ दिला. ही भाऊबंदकी आपल्यातल्या प्रत्येक घरी आहे आणि तिच्यासाठी कोणतीही समिती जबाबदार नाही, हे आपण मोकळेपणाने कबूल करायला हवे. दगडूशेठ गणपतीच्या परिसरातला भिडेवाडा आपल्या सर्वांच्या परिचयाचा. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी जिथे मुलींची शाळा काढली, त्या वास्तूबद्दलचा वाद वर्षानुवर्षे न्यायालयात चालला, त्या काळात वास्तू मोडकळीला आली आणि २०२३ च्या डिसेंबरमध्ये ताबा मिळाल्यानंतर ती पाडावी लागली. तिथे आता स्मारक व्हायचे आहे आणि ते व्हायलाच हवे. पण ज्या खोलीत त्या मुली बसल्या ती खोली, ती भिंत, तो जिना आपण पुढच्या पिढीला दाखवू शकणार नाही. वाद चालू असतो तेव्हाही पाऊस पडतच असतो.

भाडेकरूंशी बोलताना मला माझ्याच मनातल्या पुष्कळ गोष्टी बदलाव्या लागल्या. आमच्याकडे एका बिऱ्हाडाचे भाडे महिना पन्नास रुपये होते. ३१ मार्च २००० पासून लागू असलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे घर राहण्याजोगे ठेवणे ही मालकाची जबाबदारी आहे आणि मालकाने ती पाळली नाही तर भाडेकरूला रीतसर नोटीस देऊन दुरुस्ती करून घेता येते. मात्र त्याचा खर्च भाड्यातून वळता करताना वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाची मर्यादा आहे. पन्नास रुपयांवर ती रक्कम वर्षाला दीडशे रुपये होते. त्यात पन्हळीचा एक तुकडाही येत नाही. मालक म्हणतो, इतक्या भाड्यात मी का खर्च करू. भाडेकरू म्हणतो, दुसऱ्याच्या घरावर मी का खर्च करू. आणि दोघांच्या मध्ये कौले फुटत राहतात. आम्ही शेवटी सगळी बिऱ्हाडे चौकात बसवली आणि लेखी करार केला. दुरुस्तीच्या काळात कोण कोणत्या खोल्यांत राहील, काम संपल्यावर प्रत्येकाला त्याचीच जागा तेवढ्याच मापाची परत मिळेल आणि त्या बदल्यात कौले व शौचालये यांच्या खर्चात प्रत्येक बिऱ्हाड आपापला वाटा उचलेल, असे त्यात लिहिले. दुरुस्तीसाठी जागा रिकामी करून घेतली तर भाडेकरूला परत येण्याचा हक्क कायद्यानेच दिलेला आहे. पण तो हक्क मालकाने स्वतःहून, आधी, कागदावर लिहून दिला की माणसांच्या चेहऱ्यावरचा ताण जातो, हे मी पाहिले आहे. भाडेकरूंना माझे सांगणे एवढेच की "वाडा पडला तर नव्या इमारतीत फ्लॅट मिळेल" या आशेवर गळक्या माडीखाली लहान मुलांना झोपवू नका. आणि मालकांना सांगणे असे की भाडेकरू आपोआप निघून जावेत म्हणून कौले न बदलणे हे पाप आहे. दुसरा शब्द मला सापडत नाही.

पैशांबद्दल मी गोड बोलणार नाही. काम महाग पडले, ते तीन हंगामांत वाटून केले म्हणूनच झेपले. पहिल्या हंगामात छप्पर आणि पाण्याचा निचरा, दुसऱ्यात लाकूड, तिसऱ्यात भिंती आणि वीज. हा क्रम बदलू नका. गळक्या छपराखाली केलेले चुन्याचे काम वाया जाते. वारसा वास्तूच्या बंधनांमुळे वापरता न येणारे बांधकामाचे हक्क टीडीआरच्या (हस्तांतरणीय विकास हक्कांच्या) रूपाने मिळवण्याची तरतूद नियमावलीत आहे. तिच्या अटी आपल्या आर्किटेक्टकडून समजून घ्या, कारण पुष्कळ मालकांनी ती तरतूद चाळूनसुद्धा पाहिलेली नसते. सर्वांत मोठा खर्च लाकडाचा होता. नवे सागवान जुन्याच्या तोडीचे मिळत नाही, म्हणून मिस्त्री आम्हाला भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये जुने लाकूड पाहायला घेऊन गेले. तिथे रचलेल्या तुळयांमध्ये आम्हाला हव्या त्या लांबीची एक तुळई मिळाली. ती कुठल्या तरी पाडलेल्या वाड्यातली होती, कोणत्या ते विकणाऱ्याला ठाऊक नव्हते. घरी आणून तिच्यावरचा हिरवा ऑइलपेंट खरवडला, तेव्हा टोकाशी पटाशीने खोदलेल्या तीन उभ्या रेघा आणि शेजारी मोडीतले एक अक्षर दिसले. सुतार जोडणीच्या वेळी कोणती तुळई कोणत्या खांबावर जायची याच्या अशा खुणा करतात, असे मिस्त्रींनी सांगितले. म्हणजे कोणा एका घरात ही तिसरी तुळई होती आणि तिच्या शेजारी दुसरी आणि चौथी होती. मिस्त्रींनी ती खूण चौकाकडून दिसेल अशा बेताने तुळई बसवली. आमच्या नकाशातही त्या जागी "दुसऱ्या वाड्यातील तुळई" अशी नोंद आहे.

त्या तुळईखालून जाताना दर वेळी मला तो दुसरा वाडा आठवतो, जो मी कधी पाहिला नाही. त्याच्याही मालकांनी कधीतरी "पडू दे" म्हटले असेल.

१८०७ साली दुसऱ्या बाजीरावाने बांधलेला विश्रामबागवाडा आजही उभा आहे, याचे मला दिसणारे एक कारण असे की तो कधी फार काळ रिकामा राहिला नाही; १८२१ मध्ये तिथे संस्कृत पाठशाळा भरली, पुढे वेगवेगळी कार्यालये आली, माणसे आत-बाहेर करत राहिली आणि गळते कुठे ते कोणाला तरी दिसत राहिले. आपले साधे वाडेही तसेच आहेत. म्हणून वाड्यातल्या माणसांना बाहेर काढून तो वाचवण्याच्या योजनेपेक्षा माणसांसकट दुरुस्त करण्याची योजना मला जास्त खरी वाटते.

आज श्रावण चालू आहे आणि पाऊस अजून दीड-दोन महिने आहे. हेच दिवस नोंदी करण्याचे आहेत, कारण गळती उन्हाळ्यात कोणालाही दाखवता येत नाही. जोराची सर आली की बॅटरी आणि खडू घेऊन माडीवर जा. जिथे पाणी येते तिथे खूण करा, तारीख लिहा, फोटो काढा. प्रत्येक खांबाला, तुळईला आणि कडीला क्रमांक द्या. भिंतीतल्या तुळईच्या टोकांवर हातोडीचा दांडा वाजवा. आवाज भद्द आला तर तिथे खूण करा. सिटी सर्व्हेच्या कचेरीतून मिळकत पत्रिकेचा ताजा उतारा काढा आणि महापालिकेच्या हेरिटेज विभागात जाऊन आपला वाडा यादीत आहे का, असल्यास कोणत्या श्रेणीत, हे विचारून या. गणपतीत सगळे भाऊबंद एकत्र जमतात, तेव्हा हा कागदांचा गठ्ठा आरतीनंतर सर्वांसमोर ठेवा. नवरात्राच्या आत आर्किटेक्टच्या सहीने अर्ज गेला, तर येत्या हिवाळ्याचा हंगाम पदरात पडण्याची आशा ठेवता येते.

आमचे दोन्ही अर्ज, नामंजूर झालेला आणि मंजूर झालेला, कड्यांचा तक्ता, भाडेकरूंशी केलेल्या कराराचा मसुदा आणि चुन्याच्या प्रमाणांची वही पाहायला सर्वांना खुली आहे. रविवारी सकाळी दहा ते बारा आमचा दिंडी दरवाजा उघडा असतो. येताना आपल्या वाड्याचे फोटो आणि शक्य झाल्यास गळक्या जागेच्या गिलाव्याचा एक ढलपा सोबत आणावा. मिस्त्री महिन्याच्या पहिल्या रविवारी येतात. ढलपा चुन्याचा आहे की सिमेंटचा हे ते चिमटीत चुरून सांगतील.

कळावे, लोभ असावा.

आपली,
नारायण पेठेतील एका वाड्याची सहहिस्सेदार